कपाशीच्या मुलखात कुंडीतली भाजी

प्रश्न जळगावच्या एका ताईंचा आहे. गच्चीवर कुंड्या आणि पिशव्या मिळून बऱ्यापैकी बाग आहे: भेंडी, वांगी, मिरची, टमाटे, गिलक्याचा (घोसाळ्याचा) वेल, शिवाय कढीपत्ता, तुळस, कोथिंबीर, मेथी. पोळ्यापर्यंत सगळं जोमात असतं. मग भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, रोपाला धक्का लागला की पांढरे किडे उडतात, वांग्याचे शेंडे माना टाकतात, मिरचीची पानं आकसतात, गिलकी वाकडी होऊन सडतात. त्यांनी कडुनिंबाचं तेल भर दुपारी फवारलं, तर पानंच करपली. सासरे म्हणतात, गावाकडून कपाशीचं औषध आणतो, एका फवाऱ्यात काम फत्ते. तर ‘नक्की काय मारू?’ असं त्या विचारतात.

सासऱ्यांच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण ती थांबवायची घाई आहे. ते औषध जिना चढून वर येऊ देऊ नका. कपाशीवर रस शोषणाऱ्या किडींसाठी मारतात ती बहुतेक औषधं आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानावर पडून राहत नाहीत, झाडात शिरतात, रसातून फिरतात, फळातही जातात. अशी भेंडी नळाखाली कितीही चोळून धुतली तरी आतलं विष निघत नाही. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. कपाशीचं बोंड वेचायला वेळ असतो. भेंडी आपण एक दिवसाआड तोडतो. ते अंतर पाळायचं तर मधल्या सगळ्या भेंड्या तोडून फेकाव्या लागतील. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर २००५ पासूनच मनाई होती, तरी खेड्यापाड्यांतल्या परसात ते पडतच राहिलं. दुसरं म्हणजे मात्रा. शेतात पंधरा लिटरच्या पंपाला झाकणाने माप असतं. घरी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ‘थोडंसं’ ओतलं जातं आणि ते थोडंसं बहुतेक वेळा कित्येक पट असतं. त्यात गच्चीवर पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, उन्हाळ्यात वाळत घातलेले बिबडे आणि कुरडया. कुंडीत मुंग्या किंवा हुमणी (मातीतली जाड पांढरी अळी) झाली म्हणून फोरेट या विषाचे दाणे टाकायची सवयही काही घरांत आहे. त्यावर २०२० सालच्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुनी पुडी घरात पडली असेल तर वापरू नका, गटारीतही टाकू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद ठेवून कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

आता तुमच्या गच्चीवर हे सगळं येतं कुठून, ते बघू. खानदेशातल्या परसबागेची पुण्या-मुंबईच्या बाल्कनीशी तुलना होत नाही, कारण आपण चहूबाजूंनी कपाशीने वेढलेले आहोत. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. अंबाडी आणि जास्वंदही त्याच घरातली. पांढरी माशी, तुडतुडे, मावा, ठिपक्यांची बोंडअळी या साऱ्यांना कपाशी चालते तशी भेंडीही चालते. २००२ मध्ये बीटी कपाशी आली ती बोंडअळ्यांसाठी. रस शोषणाऱ्या किडींना त्या बीटीचं काही सोयरसुतक नाही. त्यातून तापीकाठच्या बागायती पट्ट्यात ठिबकवरची कपाशी पावसाआधीच लावलेली असते. ती श्रावणापर्यंत कमरेला लागते आणि तिच्यावर पांढऱ्या माशीच्या पिढ्यांवर पिढ्या निघतात. पोळ्यानंतर पानं जून होऊ लागली की माशी कोवळं पान शोधत वाऱ्यावर निघते. दिवाळीनंतर वेचणी संपत येते, पऱ्हाट्या उपटल्या जातात, आणि तिला हिरवं दिसतं ते तुमच्या गच्चीवर. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची उंची तिला काही फार नाही.

म्हणून भेंडीच्या बाबतीत औषधापेक्षा तारीख महत्त्वाची. मृगाच्या पावसावर लावलेली भेंडी श्रावण-भाद्रपदात खाऊन होते, लोंढा यायच्या आत. दुसरी लावणी थंडी ओसरल्यावर, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. तोवर बहुतेक कपाशी शेतातून गेलेली असते. पोळ्याला भेंडी लावून दिवाळीला खायची हा बेत आपल्याकडे जुगार आहे. पिवळ्या शिरांचा जो रोग तुम्ही लिहिलाय तो विषाणूचा, शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. तो पांढरी माशी पसरवते. त्यावर औषध नाही. शिरांची पिवळी जाळी दिसली की ते झाड उपटा, नाहीतर शेजारच्या पिशवीतली भेंडीही जाईल. बी घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा. दोन्ही या रोगाला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या म्हणून निवडलेल्या जाती आहेत. अलीकडे त्यांच्यावरही रोग दिसतो, पण साध्या बियाण्याइतका नाही.

कुठलीही कीड दिसली की आधी तिचं तोंड ओळखायचं. पानाला भोकं, कडा कुरतडलेल्या, खाली काळी लेंडं, तर ती चावून खाणारी: अळी, भुंगेरा, नाकतोडा. ही हाताने वेचता येते आणि वेचावी. पान चिकट, आकसलेलं, पिवळट किंवा ठिपक्यांचं, पण भोक एकही नाही, तर सोंड खुपसून रस पिणारी: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण. बघायची वेळ सकाळची, आणि बघायचं पान उलटं करून. वरून बघून कीड ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही. साधं भिंग मिळतं, ते घ्या. तुडतुडा फिकट हिरवा, पाचरीच्या आकाराचा असतो आणि पानावर तिरका चालतो. त्या चालीवरून तो सहज ओळखू येतो. त्याने रस प्यायला की पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबूस होतात आणि वर वळतात. फुलकिडे डोळ्याला सहज दिसत नाहीत. मिरचीचं फूल पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका, बारीक पिवळसर काड्या कागदावर पळताना दिसतील.

पांढऱ्या माशीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचं निम्मं दुखणं तिचं आहे. उडते ती प्रौढ माशी. पानाच्या मागे तिची अंडी आणि न हलणारी चपटी पिल्लं चिकटलेली असतात, आणि बहुतेक फवाऱ्यांतून तीच वाचतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून एकदा फवारलं, माशा उडाल्या, आठवड्याने पुन्हा तेवढ्याच, असं होतं. उपाय एकच असला तरी पाच-सहा दिवसांच्या अंतराने सलग तीनदा करायचा. पहिला उपाय पाण्याचा. नळीला बोट लावून धार बारीक आणि जोराची करायची, दुसऱ्या हाताने पान उलटं धरायचं, आणि खालून वर मारायची. हे सकाळी लवकर करा म्हणजे पानं दिवसभरात सुकतात. माव्यावर तर पाणी एवढं चालतं की पुढचं काही लागत नाही: तुटून खाली पडलेला मावा झाडावर सहसा परत चढत नाही. सगळ्यात खालची जून पानं, जिथे पिल्लांची गर्दी असते, ती तोडून पिशवीत बंद करा.

पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. सापळ्यात माशा सापडल्या म्हणजे माशा संपल्या असं नव्हे. सापळा सांगतो की लोंढा सुरू झाला. पिवळ्या डब्याच्या झाकणाला एरंडेल फासून झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगलं तरी चालतं, धूळ बसली की पुसून परत फासायचं. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो, तेव्हा मिरचीजवळ निळा.

आता कडुनिंब. तुमची पानं तेलाने करपली, पण दोष तेलाचा कमी आणि दुपारचा जास्त. तेलाचा थर पानावर, वर खानदेशचं ऊन, त्यात झाड पाण्याला ताणलेलं. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य उन्हात लवकर नासतं, म्हणजे दुपारी मारलं की पान जळतं आणि कीडही मरत नाही. सूर्य मावळतीला गेल्यावर मारा, झाडाला आदल्या दिवशी पोटभर पाणी दिलेलं असू द्या, आणि नव्या झाडावर आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. तेल असेल तर लिटरभर पाण्याला ५ मिली पुरे. आधी तेल थोड्या पातळ साबणात किंवा रिठ्याच्या पाण्यात पांढरं होईपर्यंत घोटायचं आणि मगच पाणी घालायचं. तेल वर तरंगत राहिलं तर पहिल्या फवाऱ्याला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्याला नुसतं तेल. कपडे धुण्याची पावडर घालू नका, तिने पानं भाजतात. दुकानातून तयार बाटली आणली तर तिच्यावर पीपीएमचा, म्हणजे अझाडिरॅक्टिन किती तीव्र आहे त्याचा, आकडा बघा. १५०० असेल तर लिटरला ३ ते ५ मिली, १०,००० असेल तर १ ते २ मिली. दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर दिसायला बहिणी-बहिणी, आणि माणसं दोन्हीला एकच झाकण वापरतात.

तेलापेक्षा माझा भर निंबोळी अर्कावर आहे, आणि आपल्याकडे निंबोळीची वाण नाही. जूनच्या आसपास झाडाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या, गोणपाटात किंवा कापडी पिशवीत ठेवायच्या. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया भरडून फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायच्या. सकाळी फडकं पिळत राहायचं, पाणी दुधाळ येईपर्यंत. मग एकूण एक लिटर करायचं, २ ग्रॅम साबण विरघळवून त्यात टाकायचा, गाळून त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं. उद्यासाठी ठेवायचं नाही. हा झाला ५ टक्के अर्क. त्याने किडे तडफडून पडत नाहीत. त्यांचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, पुढची पिढी खुंटते. चार-पाच दिवस थांबायची तयारी नसेल तर तुम्ही निष्कारण त्याला नावं ठेवाल. दहा प्रकारच्या पानांचा दशपर्णी अर्कही चांगला, पण महिनाभर कुजवलेलं पिंप अपार्टमेंटच्या गच्चीवर ठेवलं तर कीड जाण्याआधी शेजारी जातील.

मिरचीची पानं आकसली की आपल्याकडे ‘बोकड्या आला’ म्हणतात, आणि तिथेच लोक थांबतात. नंदुरबारकडचा मिरची लावणारा मात्र पान हातात घेऊन वळण बघतो. कडा वर वळून पानाची होडी झाली तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद आणि देठ लांब झालं तर कोळी. शेंडा खुरटून पानांचा गुच्छ झाला, शिरा जाड आणि पानं फिकट झाली तर बहुधा विषाणू, म्हणजे पुन्हा पांढरी माशीच. तिन्हींचा उपचार वेगळा. फुलकिड्यांवर निंबोळी अर्क आणि निळा सापळा. विषाणूचं झाड उपटायचं. कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय, त्यामुळे किडीची पुष्कळशी औषधं त्याच्यावर वाया जातात. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लागतं, लिटरला २ ते ३ ग्रॅम, आणि ते कडक उन्हाच्या दिवसांत चुकूनही मारायचं नाही. मिरचीची खरी लढाई रोपातच जिंकायची असते. बी टाकल्यापासून लावणीपर्यंत रोपं बारीक विणीच्या नायलॉन जाळीत ठेवा. त्या महिन्या-सव्वा महिन्यात विषाणू लागला नाही तर झाड पुढे पुष्कळ सोसतं. रोपवाटिकेतून रोप आणणार असाल तर तिथेच पान उलटं करून बघा. माशी बसलेली दिसली तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

वांग्याच्या माना टाकलेल्या शेंड्यांकडे येतो. कुंडीत ओल आहे, बाकी झाड टवटवीत आहे, आणि एकच शेंडा लोंबलेला आहे, तर ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तो शेंडा हातात घ्या. देठाच्या बगलेत किंवा कोवळ्या खोडावर बारीक भोक दिसेल, तोंडाशी विष्ठेचा बोळा. शेंडा कापून ब्लेडने उभा चिरा: आत पोकळ बोगदा आणि टोकाला गुलाबीसर पांढरी अळी. कापताना लोंबलेल्या जागेच्या दोन बोटं खाली कापायचं आणि काप बघायचा. गाभा पांढरा भरीव असला तर ठीक. तपकिरी किंवा पोकळ असला तर अजून खाली. कापलेला शेंडा कुंडीत टाकायचा नाही, खतातही नाही. साबणाच्या पाण्यात बुडवायचा. ती अळी एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही, कडुनिंबही नाही आणि सासऱ्यांचं औषधही नाही. आठवड्यातून दोनदा असे शेंडे छाटत गेलात तर फळं धरेपर्यंत तिची पिढी बरीच तुटते. झाडाचं नुकसान नाही, उलट फांद्या फुटतात. बुडाशी वाळकी पानं साचू देऊ नका, कोष त्यांतच करते. चार-पाच झाडांसाठी कामगंध सापळा आणू नका. त्यात फक्त नर येतात, आणि शेजारच्या शेतातून आलेली माद्यांची फौज अंडी घालतच राहते. तो एकरांचा उपाय आहे.

आपल्या भरताच्या वांग्यात हे जास्त जिवावर येतं. बामणोदकडचं ते हिरवं-पांढरं दांडगं वांगं, भौगोलिक मानांकन मिळालेलं. एक अळी शिरली की चार माणसांचं भरीत गेलं. चंपाषष्ठीला घरचं वांगं भाजायचं असेल तर फळ लिंबाएवढं झाल्यावर त्याला विरळ कापडाची पिशवी बांधा. ‘अळीच लागत नाही’ असं सांगून कोणी बी विकत असेल तर घेऊ नका. बीटी वांग्याला आपल्या देशात ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली गेली, तेव्हा तसं बी राजरोस मिळायचा प्रश्नच नाही. वांग्याच्या पानाची जाळी झाली असेल तर मात्र ते काम हड्डा भुंगेऱ्याचं. तो तांबूस, मळकट, अंगावर काळे ठिपके आणि बारीक लव. पिवळ्या काटेरी अळ्या पानामागे हिरवा भाग खरवडतात. दोन्ही हातानेच वेचा, पानामागची पिवळ्या अंड्यांची पुंजकीही चिरडा.

हड्डा आणि ढालकिडा यांत गल्लत होते म्हणून सांगतो. मावा खाणारा ढालकिडा चकचकीत असतो, लाल किंवा नारिंगी, अंगावर लव नसते. तो सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी काळी, लांबट, सहा पायांची, नारिंगी ठिपक्यांची असते, आणि ‘ही कसली घाण’ म्हणून बायाबापड्या तिलाच आधी चिरडतात. ती प्रौढापेक्षा जास्त खादाड असते. वालावर किंवा चवळीवर काळा मावा दिसला आणि त्यात अशी एक-दोन पिल्लं फिरत असली तर काही मारू नका, पाणीही नाही. माव्यात फुगलेले, तपकिरी, न हलणारे दाणे दिसले तर तेही सोडा. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू आहे. या इवल्या माशांना हसू नका. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत कोइमतूरकडे सापडला आणि दोन-तीन वर्षांत राज्याराज्यांत पसरला. तेव्हा फवाऱ्यांनी जे जमलं नाही ते २०१० मध्ये पोर्तो रिकोहून मागवून सोडलेल्या अशाच एका माशीने करून दाखवलं. शहाद्याकडे पपई लावणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. घरी जास्वंदीवर, टमाट्यावर पिठ्या ढेकूण असेल तर आधी मुंग्यांची रांग शोधा. मुंग्या त्याचा चिकटा खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. कुंडी विटेवर, वीट पाण्याच्या ताटात, म्हणजे रांग तुटते. मग ढेकूण स्पिरिटच्या बोळ्याने टिपा.

गिलक्याला दोन शत्रू. दोन पानांचं रोप असताना तांबडे भुंगेरे. ते पहाटे सुस्त असतात, तेव्हा हाताने धरून साबणाच्या पाण्यात. गोवऱ्यांची गार राख मिळाली तर दवावर भुरभुरा, नाहीतर पाच-सहा पानं होईपर्यंत जाळी. मोठेपणी फळमाशी. कोवळ्या फळाच्या सालीला भोक पाडून ती आत अंडी घालते, तिथे डिंकाचा थेंब दिसतो, फळ त्या बाजूला वाकतं आणि आतून सडतं. अशी फळं कुंडीत गळू दिलीत तर अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढची फौज तुम्हीच पोसता. जाड पिशवीत घालून तोंड बांधून चार दिवस उन्हात ठेवा. फळ धरल्याबरोबर कागदी पिशवी किंवा जुन्या मोज्याची बाही चढवली तर निम्मं काम होतं. सापळा आणायचा तर ‘क्यू-ल्युर’चा, तो वेलवर्गीय भाज्यांच्या माशीचा. आंबा-पेरूची माशी वेगळी, तिला मिथिल युजेनॉल लागतं. ते द्रव्य तुळशीत असतं, म्हणून तुळशीवर त्या माशीचे नर येऊन बसलेले दिसतात. ‘तुळस लावली की माशी येत नाही’ हे ऐकून गिलक्याशेजारी तुळस ठेवणाऱ्यांनी निदान कीड घालवायला म्हणून ती ठेवू नये.

पानं कच्ची खायची त्या झाडांवर, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, तुळस, कढीपत्ता, पाण्याशिवाय काही मारायचं नाही, असा माझा सरळ नियम आहे. लसूण-मिरचीचं पाणीसुद्धा नको, चटणीला भलतीच चव येते. कोथिंबीर-मेथीवर ढगाळ हवेत मावा येतो. वाफा महिन्याभरात कापायचा, थोडं-थोडं बी दर पंधरवड्याला टाकायचं, म्हणजे कीड वाढायला झाड जुनं होतच नाही. तुळशीची पानं मागून काळ्या ठिपक्यांनी भरली आणि वरून फिकट झाली तर बारीक जाळीदार पंखांचा ढेकूण असतो. मंजिऱ्या आणि खराब शेंडे खुडा, पानामागून पाणी मारा, आठवडाभर रोज. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्याचा भास होईल अशी तपकिरी-पांढरी अळी दिसते, ती मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. ती लिंबावरच्या फुलपाखराची. झाड लहान असेल तर उचलून दुसरीकडे ठेवा. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. शेंड्याची पानं मुडपून त्यांवर पांढरे मेणाचे धागे दिसले तर तो सायला, रस पिणारा बारीक किडा. शेंडा छाटून टाका.

युरियाची चिमूट टाकायची सवय असेल तर सोडा. पान गडद आणि लुसलुशीत झालं की मावा-तुडतुड्यांना तेच हवं असतं.

जैविक बुरशीच्या पुड्यांबद्दल सगळेच विचारतात. व्हर्टिसिलियम लेकॅनी पांढरी माशी, मावा आणि पिठ्या ढेकणावर, बिव्हेरिया अळ्यांवर, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. चांगल्या आहेत, पण जिवंत आहेत. त्यांना ओल लागते. श्रावणझडीत फवारल्या तर काम करतात, मार्चनंतर आपल्या कोरड्या हवेत नाही. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेली पुडी म्हणजे नुसती पांढरी भुकटी. ताज्या तारखेची घ्या, शक्य तर कृषी विज्ञान केंद्रातून. जळगावला ममुराबादचं केंद्र तुम्हाला जवळ आहे.

होळीनंतर मृगापर्यंत मात्र कुठलाच फवारा नको, तेलाचा तर नाहीच. पारा ४५ कडे सरकला की झाड आधीच अर्धमेलं असतं. या दिवसांत येतो तो लाल कोळी: पानावर पांढरे-पिवळे बारीक टिंब, मागे जाळं. त्याला कोरडेपणा आवडतो, तेव्हा सकाळी पानामागून पाणी आणि वर हिरवी सावलीची जाळी, एवढंच करा. जी झाडं थकली आहेत ती काढून टाका, दया दाखवू नका. उन्हाळाभर टिकलेलं एक मरतुकडं वांगं पुढच्या हंगामाची कीड सांभाळून ठेवतं.

आणि ज्या उन्हाने पानं जाळली ते मे महिन्यात कामाला लावा. रिकाम्या कुंड्यांची माती गच्चीवर पसरा, मुळ्या काढा, पांढऱ्या जाड हुमण्या सापडतील त्या वेचा. माती ओलसर करून चार बोटं जाडीचा थर करा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरा आणि कडा विटांनी घट्ट दाबा. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. महिना-दीड महिना तसंच राहू द्या. फळमाशीचे कोष, हुमणीची पिल्लं, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांतलं बरंचसं खालचा तापलेला स्लॅब आणि वरचं ऊन यांच्यामध्ये शिजून जातं. मृगाचा पाऊस पडला की प्लॅस्टिक काढून मातीत पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत हातात भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास यायला नको. अर्धवट कुजलेल्यातून हुमणी परत येते. भेंडीचं बी त्याच आठवड्यात टोका.